पंख्याचा कंडेन्सर आणि कोळशाची पुरचुंडी

छताचा पंखा मंद फिरू लागला की घरी येणारा इलेक्ट्रिशियन दोन वायरी असलेली एक लहानशी डबी बदलतो आणि 'कंडेन्सर गेला होता' एवढेच सांगून निघून जातो. ती जुनी डबी फेकून देण्याआधी तिच्यावरचा मजकूर वाचावा. बहुतेक वेळा तेथे २.५ मायक्रोफॅरड असे काहीतरी छापलेले असते. पाठ्यपुस्तकात ज्याला धारित्र म्हणतात तेच हे. एक फॅरड धारकता हवी असेल तर अशा चार लाख डब्या एकमेकींना समांतर जोडाव्या लागतील. म्हणूनच आमच्या विद्यार्थिदशेत, फॅरड हे एकक व्यवहारात निरुपयोगी वाटावे इतके मोठे आहे, असे शिक्षक आवर्जून सांगत असत.

आज एक फॅरडचे धारित्र करंगळीच्या पेरापेक्षा लहान आकारात बाजारात मिळते. इतकेच नव्हे, तर मीठ, पाणी, सुती कापड, जुन्या सेलमधील कांड्या आणि माशांच्या टाकीसाठी मिळणारा कोळसा एवढ्या सामानात फॅरडच्या घरात जाणारे धारित्र शाळेत बनवता येते. त्याला सुपरकपॅसिटर म्हणतात; आपण महाधारित्र म्हणू. ते कसे बनवायचे हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहेच. पण आपण जे बनवले ते खरोखर धारित्र आहे की नकळत तयार झालेला एक दुबळा सेल आहे, हे ओळखायचे कसे, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. विज्ञान प्रदर्शनांत 'घरगुती सुपरकपॅसिटर' या नावाखाली मांडलेल्या काही वस्तू प्रत्यक्षात सेल असतात, आणि त्यांवर दिवा लागला की कोणी पुढे विचारत नाही.

प्रथम आकारमानाचे कोडे सोडवू. दोन समांतर पट्ट्यांच्या धारित्राची धारकता पट्ट्यांच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात आणि त्यांच्यामधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. मध्ये हवा आणि अंतर १ मिलिमीटर असेल, तर एक फॅरडसाठी प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ किती लागेल? उत्तर येते सुमारे ११३ चौरस किलोमीटर. म्हणजे साडेदहा किलोमीटरहून जास्त बाजू असलेला चौरस, आणि तसे दोन! हा हिशेब वर्गात फळ्यावर जरूर करून घ्यावा. उत्तर ऐकून मुले हसतात, पण धारकता कशावर अवलंबून असते हे त्यानंतर विसरत नाहीत.

आता सुटकेचे मार्ग दोनच. क्षेत्रफळ वाढवा किंवा अंतर कमी करा. महाधारित्रात दोन्ही गोष्टी एकदम होतात.

क्षेत्रफळाचे काम कोळसा करतो. साधा कोळसा नव्हे, तर सक्रिय केलेला कोळसा. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा हवा न लागू देता जाळून, नंतर सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेने किंवा काही रसायनांनी त्याला आतून कुरतडले, की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. अशा कोळशाच्या एका ग्रॅममध्ये, छिद्रांच्या भिंती धरून, १००० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. कबड्डीचे मोठ्यांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे चिमूटभर कोळशात साडेसात कबड्डीची मैदाने घडी घालून ठेवलेली आहेत. कारखान्यांत बनणाऱ्या महाधारित्रांतही करवंटीपासून केलेला कोळसा मोठ्या प्रमाणावर वापरतात. आपल्या कोकणातल्या बंबात जळून जाणारी करवंटी किती वरच्या दर्जाचा कच्चा माल आहे, हे यावरून लक्षात यावे.

अंतराचे काम मिठाचे पाणी करते. मिठाच्या पाण्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन मोकळे फिरत असतात. त्यात कोळशाचे दोन विद्युत-अग्र बुडवून त्यांना सेल जोडला, की ऋण अग्रावर इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि पाण्यातले सोडियम आयन त्यांच्या ओढीने कोळशाच्या पृष्ठभागापाशी दाटी करतात. धन अग्रापाशी क्लोराइड आयन तसेच जमतात. कोळशातील विद्युतभार आणि पाण्यातील आयन यांच्यामधील अंतर असते पाण्याच्या एखाद-दुसऱ्या रेणूइतके, म्हणजे एक नॅनोमीटरहूनही कमी. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये विद्युतभारांच्या अशा दुहेरी थराची कल्पना मांडली होती. इलेक्ट्रॉन आणि आयन समोरासमोर उभे आहेत, पण मध्ये अंतरपाट धरलेला आहे, असे हे दृश्य. जोपर्यंत अंतरपाट दूर होत नाही तोपर्यंत इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाही, रासायनिक क्रिया होत नाही आणि जमलेला भार हवा तेव्हा परत घेता येतो. हाच धारित्र आणि सेल यांतला मूलभूत फरक. सेलमध्ये लग्न लागते, पदार्थ बदलतात. धारित्रात फक्त मंगलाष्टके चालू राहतात.

पण विभवांतर वाढवत गेले तर अंतरपाट टिकत नाही. पाण्याचे विघटन होण्यास किमान १.२३ व्होल्ट पुरतात. त्यापलीकडे बुडबुडे, आणखी पुढे मिठाच्या पाण्यातून क्लोरीन वायू. म्हणून पाण्यावर चालणारे महाधारित्र एक व्होल्टच्या आतच ठेवावे. कारखान्यांत पाण्याऐवजी कार्बनी द्रावक वापरून ही मर्यादा सुमारे २.७ व्होल्टपर्यंत नेतात. ती द्रव्ये विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने शाळेत त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कल्पना जुनी असली तरी वस्तू हाती यायला शंभर वर्षे लागली. सच्छिद्र कोळशाचे अग्र वापरलेल्या अशा धारित्राचे पेटंट अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बेकर यांना १९५७ मध्ये मिळाले. त्यात नेमके काय घडते याचा उलगडा तेव्हा त्यांनाही पुरता झालेला नव्हता. ओहायोतील स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९६६ मध्ये आपले पेटंट मिळवले, आणि त्यावरून जपानच्या एनईसी कंपनीने सत्तरच्या दशकात हे धारित्र बाजारात आणले. शांघायमध्ये २००६ पासून महाधारित्रांवर चालणारी बस सुरू झाली. ती थांब्यावर उभी असताना छतावरून वीज भरून घेते. केरळात कण्णूर जिल्ह्यात केल्ट्रॉन या सरकारी कंपनीने इस्रोच्या सहकार्याने उभारलेला महाधारित्रांचा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला.

आता कृतीकडे वळू. टॉर्चचे दोन मोठे, वापरून संपलेले साधे सेल घ्या. बाहेरचे आवरण काढून मधली काळी कार्बनची कांडी, तिच्या पितळी टोपीसह, अलगद बाहेर काढा. हे काम शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून आणि खाली वर्तमानपत्र पसरून करावे. अल्कलाइन असे छापलेले सेल, मोबाइलची किंवा रिचार्ज होणारी कोणतीही बॅटरी कधीही फोडू नये. कांडीभोवतीची काळी पूड मँगनीज डायऑक्साइडची असते. ती कांडीला चिकटून राहिली तर पुढे घोटाळा करते. म्हणून कांड्या काचपेपरने ओल्या करून घासाव्यात आणि स्वच्छ धुवाव्यात.

सक्रिय कोळसा माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात दाण्यांच्या रूपात मिळतो. पाण्याच्या फिल्टरमधील जुन्या कार्बन नळकांड्यातही तोच असतो. तो थोडा ओला करून खलबत्त्यात भरड कुटावा. कोरडा कुटला तर धूळ नाकातोंडात जाते. पुन्हा दोन-तीन पाण्यांनी धुवावा. मलमलीचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा घेऊन त्यावर सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे कोळसा पसरा, मध्ये कांडी ठेवा आणि पुरचुंडी करून सुती दोऱ्याने घट्ट आवळा. घट्टपणात कसूर करू नये. दाणे एकमेकांना आणि कांडीला दाबून टेकले तरच वीज कोळशातून सहज वाहते. सैल पुरचुंडीचा अंतर्गत रोध इतका वाढतो की भरलेला भार बाहेर काढताना जीव नकोसा होतो. अशाच दोन पुरचुंड्या, शक्य तितक्या सारख्या वजनाच्या, करा.

फुलपात्रभर पाण्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवा. या पाण्यात पुरचुंड्या दहा मिनिटे उकळा, मात्र पितळी टोप्या पाण्याबाहेर राहतील असे पाहा. उकळण्याचे कारण असे की छिद्रांत हवा अडकलेली असते आणि ती निघाल्याखेरीज पाणी आत शिरत नाही. पाणी शिरले नाही तर कबड्डीची मैदाने रिकामीच राहतात. गार झाल्यावर दोन्ही पुरचुंड्या मध्ये गाळण कागदाची किंवा कापडाची दुहेरी घडी ठेवून एकमेकींना रबरबँडने बांधा आणि काचेच्या लहान बरणीत, त्याच पाण्यात उभ्या ठेवा. एका पुरचुंडीतला कोळशाचा कणही दुसरीत जाता कामा नये. पितळी टोप्यांना मगरचिमटे लावले की झाले महाधारित्र तयार. काही दिवसांनी टोपीभोवती हिरवट कीट दिसू लागली, तर पाणी कांडीतून वर चढून पितळेपर्यंत पोचले असे समजावे, आणि टोपी घासून तिच्याखाली मेणाचा पातळ थर द्यावा.

येथे एक प्रश्न हमखास येतो. कांड्या शोधण्यापेक्षा स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद का वापरू नये? तो स्वस्त आहे, लवचिक आहे, विजेचा सुवाहक आहे, आणि कारखान्यात बनलेल्या महाधारित्रांतही ॲल्युमिनियमचेच पातळ पत्रे असतात. पण तेथे पाणी नसते. मिठाचे पाणी, सक्रिय कोळसा आणि ॲल्युमिनियमचा कागद एकत्र आले की जे तयार होते त्याला ॲल्युमिनियम-हवा सेल म्हणतात. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडून देते, कोळशाच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजन ते स्वीकारतो, आणि कोणीही काहीही न भरता तेथे विभवांतर मिळू लागते. प्रयोग म्हणून हा सेल उत्तम आहे, पण त्याला धारित्र म्हणू नये. स्टेनलेस स्टीलचे चमचेही टाळावेत. मिठाच्या पाण्यात धन अग्रावरचे स्टील गंजते, आणि विभवांतर वाढले तर त्यातील क्रोमियमची घातक संयुगे पाण्यात उतरू शकतात.

तेव्हा पहिली परीक्षा चार्जिंगच्या आधीच घ्यावी. दोन्ही टोके एका वायरने जोडून बरणी रात्रभर ठेवा. सकाळी वायर काढून मल्टिमीटर लावा. दोन्ही पुरचुंड्या एकसारख्या असतील तर विभवांतर शून्याच्या अगदी जवळ असले पाहिजे. व्होल्टचा शंभरावा भाग, फार तर दोन-तीन शतांश, चालेल. वायर काढल्यावर आकडा आपोआप वाढत जाऊन अर्ध्या व्होल्टकडे सरकू लागला, तर कोठेतरी धातू पाण्याला लागला आहे किंवा एका कांडीवर सेलची पूड शिल्लक आहे.

दुसरी परीक्षा दिशेची. महाधारित्र चार्ज करण्यासाठी दीड व्होल्टचा एक नवा सेल, १० ओहमचा रोध आणि एक साधा सिलिकॉन डायोड मालिकेत जोडा. डायोडवर सुरुवातीला सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात, त्यामुळे दीड व्होल्ट थेट महाधारित्रावर येत नाहीत. शिवाय सेल कमजोर झाला तरी भार उलटा वाहत नाही. प्रवाह कमी होत गेला की डायोडवरचा हा खर्चही कमी होतो आणि विभवांतर हळूहळू वर सरकते. म्हणून मल्टिमीटर लावूनच ठेवावा आणि ०.८ व्होल्ट झाले की सेल काढावा. आता पूर्ण डिस्चार्ज करून टोके अदलाबदल करा आणि पुन्हा चार्ज करा. दोन्ही दिशांना वागणूक जवळजवळ सारखी असली पाहिजे. सेलला धन कोणते आणि ऋण कोणते हे जन्मतःच ठरलेले असते. आपल्या महाधारित्राला ते आपण ठरवू तसे असते.

तिसरी परीक्षा घेताना धारकताही मोजून होते. ०.८ व्होल्टपर्यंत चार्ज केलेले महाधारित्र १०० ओहमच्या रोधाला जोडा आणि दर पंधरा सेकंदांनी विभवांतर लिहा. एकाने घड्याळ पाहावे, एकाने आकडा वाचावा, एकाने लिहावे. समजा, रोध जोडताक्षणी विभवांतर ०.८० वरून ०.७२ वर घसरले. ही घसरण अंतर्गत रोधामुळे होते. त्या क्षणी प्रवाह ७.२ मिलिअँपिअर आहे आणि ०.०८ व्होल्ट आत अडकले आहेत, म्हणून अंतर्गत रोध सुमारे ११ ओहम. त्यानंतर ०.७२ चे ०.३६ व्हायला २४० सेकंद लागले असे धरू. धारित्राचे विभवांतर निम्मे होण्यास लागणारा काळ म्हणजे ०.६९३ गुणिले एकूण रोध गुणिले धारकता. एकूण रोध १११ ओहम, म्हणून धारकता २४० भागिले ७६.९, म्हणजे ३.१ फॅरड. पंख्याच्या बारा लाखांहून अधिक कंडेन्सरांइतकी!

हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. आपल्या बरणीचे आकडे कोळशाच्या जातीवर आणि पुरचुंडीच्या घट्टपणावर ठरतील. तात्त्विक हिशेब पाहिला तर ते फार कमीच वाटतील. दुहेरी थराची धारकता दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० मायक्रोफॅरड धरली, तर एका ग्रॅम कोळशाच्या हजार चौरस मीटरना १०० फॅरड यायला हवेत. पण दोन अग्र मालिकेत असल्याने प्रथम ते निम्मे होतात, आणि भरड दाण्यांच्या पोटातली बरीच छिद्रे इतक्या लांब आणि अरुंद वाटांच्या टोकाला असतात की काही मिनिटांत तेथवर आयन पोचतच नाहीत.

आलेख काढला की फरक डोळ्यांनी दिसतो. चांगल्या सेलचा आलेख बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी कोसळतो. धारित्राचा आलेख पहिल्या क्षणापासून उतरत जातो. वरच्या वर्गांनी विभवांतराचा लॉगॅरिथम घेऊन काळाविरुद्ध आलेख काढावा. तो आधी सरळ रेषेसारखा येईल आणि शेवटी थोडा वाकेल. तो वाक चुकीच्या वाचनामुळे आला असे समजून विद्यार्थी तो पट्टीने सरळ करू पाहतात. तसे करू देऊ नये. डिस्चार्ज झालेले महाधारित्र रोधापासून सोडवून ठेवले, तर त्याचे विभवांतर आपोआप थोडे वर चढलेले दिसते. जत्रेत देवळाचे दार उघडले की दाराजवळचे लोक आधी बाहेर पडतात आणि गाभाऱ्यापाशी असलेले मागून येत राहतात, तसे खोल छिद्रांतले आयन उशिरा बाहेर येतात. हा चढ पाहून 'वीज आपोआप तयार झाली' असे कोणी म्हणाले, तर पहिल्या परीक्षेची आठवण करून द्यावी. आत भरलेल्या भारापेक्षा जास्त भार जर बाहेर आला तरच तेथे सेल आहे. आत गेलेला आणि बाहेर आलेला भार हा प्रवाह-काळाच्या आलेखाखालील क्षेत्रफळ मोजून काढता येतो. चौकटीच्या कागदावर चौकोन मोजण्याइतके ते सोपे आहे.

आता या बरणीचे करायचे काय? येथे अपेक्षा आवरून धरलेल्या बऱ्या. ३.१ फॅरड आणि ०.८ व्होल्ट यांवरून साठलेली ऊर्जा काढली तर ती येते सुमारे एक ज्यूल. १०० ग्रॅमचा एखादा पेरू मीटरभर उचलण्याइतकी. साध्या पेन्सिल सेलमध्ये काही हजार ज्यूल असतात. फॅरडच्या आकड्याने दिपून जाऊन बॅटरीचे युग संपले असे लिहिणाऱ्यांनी हा भागाकार केलेला नसतो. महाधारित्राचे खरे गुण वेगळे आहेत. ते सेकंदांत भरते, सेकंदांत रिकामे होते, आणि पदार्थ बदलत नसल्यामुळे कारखान्यात बनलेले चांगले नमुने लाखो वेळा भरता-रिकामे करता येतात. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा पकडून ठेवायची आणि पुढच्याच क्षणी गाडी हलवायला वापरायची, असल्या कामाला ते बॅटरीपेक्षा सरस ठरते.

शाळेत आम्ही भिंतीवरच्या घड्याळाची शिफारस करू. त्याला दीड व्होल्ट लागतात, म्हणून दोन बरण्या हव्यात. प्रत्येक वेगवेगळी ०.८ व्होल्टपर्यंत चार्ज करून मग मालिकेत जोडावी. आधी जोडून चार्ज केल्यास कमी धारकतेच्या बरणीवर जास्त विभवांतर येते. किती वेळ चालेल याचे भाकीत मुलांकडून आधीच करून घ्यावे. एक पेन्सिल सेल वर्षभर पुरतो आणि त्याची क्षमता हजार मिलिअँपिअर-तास आहे असे धरले, तर घड्याळाचा सरासरी प्रवाह सुमारे ०.११ मिलिअँपिअर येतो. मालिकेत धारकता निम्मी, म्हणजे १.५५ फॅरड. घड्याळ १.६ व्होल्टपासून १.२ व्होल्टपर्यंत चालते असे मानल्यास ०.६२ कूलंब भार मिळेल, आणि तो दीड तासाच्या आसपास पुरेल. प्रत्यक्षात घड्याळ त्याआधीच थांबते, कारण बरणी न वापरताही आपोआप रिकामी होत असते. कोळशातील लोहासारख्या अशुद्धी आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन हे त्यातले मुख्य चोर. चोरी किती होते हे मोजायला चार्ज केलेली बरणी नुसती ठेवून दर दहा मिनिटांनी विभवांतर टिपावे, आणि ती घट भाकितातून वजा करून पाहावी.

एवढे जमले की कोळसे बदलून पाहावेत. बाभळीचा चुलीतला कोळसा, करवंटीचा कोळसा आणि दुकानातला सक्रिय कोळसा, तिन्ही समान वजनाचे. चुलीतला कोळसा निवडताना मल्टिमीटरची दोन टोके त्याच्या तुकड्यावर टेकवून रोध पाहावा. चांगला तापलेला कोळसा काही दहा ओहम दाखवतो, अर्धवट जळालेला लाखो ओहम. दुसऱ्या प्रकारचा कोळसा कितीही काळाभोर दिसला तरी पुरचुंडीत घालू नये.